चेहरा जुळला, पण करमचंद कुठाय?

प्रश्न असा आला आहे: «ताई, मी नाशिकच्या सिडकोत राहतो, उपयोजित कलेच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आजोबांना ‘करमचंद’ ही जुनी गुप्तहेर मालिका फार आवडते, म्हणून तिचा एक भाग चोवीस पानी कॉमिकमध्ये उतरवतोय. पहिली सहा पानं सोबत पाठवतो. चेहरा हुबेहूब आलाय, संवाद मालिकेतलेच ठेवलेत, तरी पानं निर्जीव वाटतात. परदेशात टीव्हीवरच्या गुप्तहेरांची भरपूर कॉमिक्स निघाली म्हणतात. ती चांगली होती का? त्यांनी हे कसं जमवलं? आणि माझं नेमकं काय चुकतंय?»

तुझी सहाही पानं आधी मोबाइलवर पाहिली, मग छापून आणून जेवणाच्या टेबलावर ओळीने मांडली. हे तूही कर. मोबाइलवर पान एकेकटं दिसतं. कॉमिकमध्ये दोन पानं समोरासमोर असतात आणि तिसरं उलटल्याशिवाय दिसत नाही. तुझी अर्धी अडचण तिथेच आहे, पण त्याकडे थोड्या वेळाने येते.

आधी चेहरा. करमचंद झालेले पंकज कपूर तुला खरोखर जमलेत. चौथ्या पानावरचा काळ्या चष्म्यातला तिरका चेहरा मला एवढ्या कमी रेषांत काढता आला नसता. पण सहा पानांत तो चेहरा एकतीस वेळा आलाय, मी मोजला. आणि त्यातले बरेचसे मालिका मधेच थांबवून, समोर ठेवून काढलेत हेही दिसतं. असं थांबवलं की हाती येतं ते अर्धवट उघडलेलं तोंड. धड हसू नाही, धड राग नाही. १९८५ साली आम्ही दूरदर्शनवर करमचंद बघायला बसायचो ते काही चेहरा न्याहाळायला नाही. तो गाजर कधी कचकन चावतो, बोलता बोलता कुठे अडतो, त्याची सहाय्यक किटी, तिने भाबडं काहीतरी विचारलं की ‘शटअप किटी’ यायला किती वेळ घेतो, या सगळ्याची गंमत होती. म्हणजे गंमत होती वेळेची. कागदाकडे वेळ नसतो, जागा असते. तू चेहरा आणलास, शब्द आणलेस आणि वेळ मागेच राहिली.

यात तू एकटा नाहीस. परदेशी कॉमिक्स ढिगाने निघाली हे खरं, आणि त्यातली बहुतेक याच खड्ड्यात पडली हेही खरं.

अमेरिकेत डेल नावाच्या प्रकाशनाची ‘फोर कलर’ ही माला १९३९ ते १९६२ चालली. तेराशेच्या वर अंक, आणि जवळपास प्रत्येक अंकात विषय वेगळा. टीव्हीवर एखादी मालिका चालली की तिचा एक अंक काढून बघायचा, खपला तर पुढचा. ‘पीटर गन’, ‘७७ सनसेट स्ट्रिप’, ‘द अनटचेबल्स’, ‘डेंजर मॅन’ हे सगळे त्या रांगेत उभे राहून गेले. मुखपृष्ठावर नटाचा झकास रंगीत फोटो, आणि आत त्याच्या चुलतभावासारखा दिसणारा कोणीतरी. चित्रकारांना दोष द्यायला नको. त्यांच्या हाती बहुतेकदा प्रसिद्धीसाठी काढलेले चार फोटो असायचे, वेळ कमी आणि मोबदला ठरलेला. हेरकथा नव्हे, पण एक उदाहरण सांगण्यासारखं आहे: १९६७ मध्ये गोल्ड की प्रकाशनाने ‘स्टार ट्रेक’चं कॉमिक काढलं, तेव्हा सुरुवातीचे चित्रकार इटलीत बसून काम करत होते आणि त्यांनी ती मालिका पाहिलेलीच नव्हती. अवकाशयानाच्या मागून त्यांनी दिवाळीतल्या बाणासारख्या ज्वाळा काढल्या.

यातलं ‘पीटर गन’ मला सगळ्यांत शिकवून जाणारं वाटतं. १९५८ ते १९६१ चाललेली ही ब्लेक एडवर्ड्सची मालिका. नायक खाजगी गुप्तहेर, त्याचा अड्डा म्हणजे जॅझ वाजणारा एक क्लब, आणि संगीत हेन्री मॅन्सिनीचं. तिची सुरुवातीची धून तू नाव माहीत नसतानाही कुठेतरी ऐकली असशील. त्या मालिकेतून ते संगीत काढून घे. काय उरलं? कोट घातलेला एक देखणा माणूस अंधाऱ्या गल्लीतून चालतोय. कॉमिकमध्ये नेमकं तेवढंच उरलं. जे उचललं ते ओळखू येणारं होतं आणि जे सोडलं त्यात मालिकेचा जीव होता.

‘पेरी मेसन’ या वकिलाच्या मालिकेचीही तीच कथा. टीव्हीवर १९५७ पासून १९६६ पर्यंत, दोनशे एकाहत्तर भाग. सगळा कळस कोर्टात, उलटतपासणीत, साक्षीदार हळूहळू ढासळतो त्यात. डेलने १९६४ मध्ये त्याचं कॉमिक काढलं आणि दोन अंकांत गुंडाळलं. बसलेली माणसं बसलेल्या माणसांशी बोलतात, हे पान किती वेळ धरून ठेवेल? तुझं दुसरं आणि तिसरं पान पुन्हा बघ. इन्स्पेक्टरच्या खोलीत तीन माणसं, अठरा चौकटी, सगळी छातीपासून वर. आमच्या धंद्यात याला आम्ही ‘मुंडक्यांची माळ’ म्हणतो.

मग जमलं कोणाला? ज्यांच्या मालिकेतच मुळात आकार होता त्यांना. ब्रिटिश हेरमालिका ‘द अव्हेंजर्स’ घे. (मार्व्हलवाले नव्हेत. त्या नावाचा गोंधळ एवढा की गोल्ड कीने १९६८ मध्ये अंक काढताना मालिकेचं नाव टाळून सरळ ‘जॉन स्टीड, एमा पील’ असं पात्रांचं नाव छापलं.) गोल टोपी, घडी केलेली छत्री आणि ताठ कणा एवढं सावलीत काढलं तरी स्टीड ओळखू येतो. पुढे १९९० मध्ये ग्रँट मॉरिसनच्या लेखणीतून आणि इयन गिब्सनच्या चित्रांतून याच जोडीचं नवं कॉमिक आलं, कारण हे दोघे नटांच्या चेहऱ्यांवाचूनही उभे राहू शकत होते. तुझ्या करमचंदवर ही परीक्षा करून बघ. चेहरा काळ्या शाईने भरून टाक. उरलेल्या आकारावरून तो करमचंद वाटतो का? तुझ्या पानांत नाही वाटत, कारण गाजर सहा पानांत फक्त दोनदा आलंय आणि तेही टेबलावर पडलेलं.

गाजराचं जरा सांगते, कारण इथे तुझ्या हातात आयती किल्ली आहे आणि तू ती खिशात ठेवून कुलूप तोडतोयस. गाजर हे घड्याळ आहे. पहिल्या चौकटीत अख्खं गाजर, वर हिरवा तुरा. संशयित बोलतोय. तिसऱ्या चौकटीत अर्धं. संशयित अजून बोलतोय, कपाळावर घाम. पाचव्या चौकटीत नुसतं देठ. वाचकाला कुठेही ‘बराच वेळ झाला’ असं लिहून सांगावं लागत नाही. करमचंद गप्प आहे आणि समोरचा जास्तच बोलतोय, हेही आपोआप कळतं. नट जे काम थांबण्यातून करायचा ते कागदावर गाजराच्या लांबीकडून करून घे. ‘शटअप किटी’चंही तसंच. किटीच्या प्रश्नाचा संवाद-फुगा आणि ‘शटअप’चा फुगा एकाच चौकटीत कोंबलायस तू, म्हणजे मधला थांबा मेला. मधे एक बिनशब्दाची चौकट टाक. करमचंद तिच्याकडे बघतोय, बस. ती रिकामी चौकट जितकी रुंद, तितका थांबा लांब.

आता पुराव्याकडे येते. तुझ्या तिसऱ्या पानावर तू काडेपेटीला एक अख्खी चौकट दिलीस. तिथे मी स्वतः तोंडावर पडलेय, म्हणून सविस्तर सांगते.

नव्वदच्या दशकात एका दिवाळी अंकासाठी (नाव नको) मी आठ पानांची चोरीची चित्रकथा काढली होती. एका वाड्यातून दागिने जातात, चोर असतो माळी, पुरावा म्हणजे ओल्या मातीतला चपलेचा ठसा. टीव्हीवर पाहिलं होतं तसंच मी केलं: दुसऱ्या पानावर चपलेची एक चौकट, जवळून, ठसठशीत. अंक आल्यावर शेजारची आठ-नऊ वर्षांची मुलगी आमच्या जिन्यात बसून वाचत होती. मिनिटभरात वर बघून म्हणाली, “मावशी, माळ्यानेच घेतलेत ना? तुम्ही त्याच्या चपला एवढ्या मोठ्या काढल्यात!” आठ पानांचं रहस्य दुसऱ्या पानावर संपलं होतं.

टीव्हीवर पुरावा निघून जातो. कॅमेरा काडेपेटीवर सेकंदभर थांबतो, पुढे सरकतो, आणि प्रेक्षक तिला अर्धवट विसरतो. शेवटी गुप्तहेर म्हणतो, “आठवतं, टेबलावर काय होतं?” आणि आपण मांडीवर थाप मारतो. कॉमिकमध्ये पुरावा कुठेच जात नाही, पानावर बसून राहतो. आणि एकटी चौकट मिळाली की तो बसत नाही, बोंबलतो. त्यामुळे कॉमिकमध्ये पुरावा लपवायचा तो दुसऱ्याच्या घरात. ज्या चौकटीचं काम वेगळंच काहीतरी आहे, भांडण, विनोद, दारात आलेला पोस्टमन, तिच्या कोपऱ्यात तो ठेवायचा. उघडा, पूर्ण दिसेल असा, पण नजर दुसरीकडे ओढली जाईल असा. मग शेवटी वाचक पानं मागे उलटतो, आणि काडेपेटी तिथेच असते. हे मागे जाणं म्हणजे कॉमिकची स्वतःची मिळकत आहे. पंचाऐंशी साली टीव्ही मागे नेता येत नव्हता.

उलट बाजूने विचार केलास तर काही मालिका कॉमिकला जास्त मानवतात हेही दिसेल. ‘कोलंबो’ मालिकेत खून कोणी केला ते सुरुवातीलाच दाखवतात. प्रश्न एवढाच की पीटर फॉकचा तो चुरगळलेल्या रेनकोटातला पोलीस लेफ्टनंट त्याला पकडणार कसा. (नियमित मालिका १९७१ मध्ये सुरू झाली, आणि तिचा पहिला भाग दिग्दर्शित केला होता तेव्हा पंचविशीत असलेल्या स्टीव्हन स्पीलबर्गने.) लपवायचं काही नसल्यामुळे काडेपेटीची भानगडच नाही. आणि कोलंबोची ती प्रसिद्ध लकब, निरोप घेऊन दारापर्यंत जायचं आणि ‘अजून एक गोष्ट’ म्हणत वळायचं, ती तर जणू कॉमिकसाठीच जन्माला आली. मराठी पुस्तक डावीकडून उजवीकडे वाचतात, म्हणजे पान उलटतं ते उजव्या हाताच्या पानानंतर. उजव्या पानाच्या अगदी शेवटच्या चौकटीत दार बंद होतंय, खुनी सुस्कारा टाकतोय. वाचक पान उलटतो. डाव्या पानाच्या पहिल्याच चौकटीत तो परत आलेला. टीव्हीवर हा धक्का दिग्दर्शक देतो. इथे वाचकाने स्वतःच्या हाताने दार उघडून त्याला आत घेतलेलं असतं.

तुझी पाचव्या पानाची शेवटची चौकट अशीच मोक्याची जागा होती, आणि तिथे तू रस्त्यावरून जाणारी फियाट काढलीस. गाडी सुंदर आहे. ती जागा गाडीची नाही.

हे उलटं-सुलटं प्रवास करणारं एक उदाहरण जपानचं. बीबीसीच्या ‘शेरलॉक’चं जपानी कॉमिक २०१२ पासून ‘यंग एस’ मासिकात आलं, आणि नंतर इंग्रजीतही निघालं. दीड तासाच्या एका भागाला एक जाडजूड पुस्तक. इतकी पानं मिळाली तर कोणालाही श्वास घेता येईल, तुझ्यासारखी चोवीस पानांत कोंडी नाही. पण मजा वेगळीच आहे. त्या मालिकेत शेरलॉकचे विचार आणि मोबाइलवरचे निरोप पडद्यावर अक्षरांनी तरंगतात. म्हणजे टीव्हीने कॉमिकची कला उसनी घेतली होती, आणि कॉमिकने ती परत नेली. ‘बॅटमॅन’चंही असंच. १९६६ च्या मालिकेत मारामारीला ‘पॉव’, ‘झॅप’ अशी अक्षरं पडद्यावर फुटायची. त्या मालिकेचं रूप वापरायचे हक्क वर्षानुवर्षं अडकून होते; शेवटी २०१३ मध्ये बॅटमॅनचे मूळ प्रकाशक असलेल्या डीसीने ‘बॅटमॅन ६६’ काढलं तेव्हा चित्रकारांना काही शोधावंच लागलं नाही, कारण जे हवं ते मुळात त्यांच्याच घरातून गेलं होतं.

आपल्याकडे मात्र उलट घडलं. आमच्या पिढीने चित्रांतला गुप्तहेर ओळखला तो टीव्हीवरून आलेला नव्हताच. टाइम्सवाल्यांची इंद्रजाल कॉमिक्स १९६४ मध्ये सुरू झाली, मराठीतही यायची. वेताळ आणि मँड्रेक सगळ्यांना आठवतात. मला आवडायचा रिप कर्बी, चष्मा घालणारा, पाइप ओढणारा, डोक्याने चालणारा खाजगी गुप्तहेर. ॲलेक्स रेमंडने १९४६ मध्ये वर्तमानपत्रासाठी त्याला जन्म दिला. रविवार कारंजाजवळच्या एका भाड्याच्या वाचनालयातून मी ते अंक आणायचे आणि एका रात्रीत तीनदा वाचायचे. खूप उशिरा लक्षात आलं की तीनदा वाचता येणं हेच त्याचं गमक होतं. तो वर्तमानपत्राच्या पट्टीसाठी लिहिला गेला होता, रोज तीन-चार चौकटी, शेवटच्या चौकटीत उद्यासाठी एक काटा. इंद्रजालवाल्यांनी पट्ट्या कापून पानांत बसवल्या तेव्हा ते काटे पानाच्या मधेच कुठेतरी आले, तरी टोचायचे. तो कागदासाठीच घडला होता, त्याला कुठल्या नटाची आठवण सांभाळायची नव्हती.

बंगाली गुप्तहेर फेलूदाचंही थोडं तसंच. सत्यजित राय यांनी कथा लिहिताना स्वतःच चित्रं काढली होती. त्यामुळे दूरदर्शनवर शशी कपूर फेलूदा झाले तरी वाचकाच्या मनातला रेषांचा फेलूदा हलला नाही, आणि पुढे तापस गुहांनी त्याची कॉमिक्स काढली ती मूळ कथांवरून. दुसरा बंगाली गुप्तहेर ब्योमकेश बक्षी, त्याच्या बाबतीत अडचण मोठी आहे. १९९३ ची बासू चटर्जींची मालिका पाहिलेल्या माणसाला रजित कपूरशिवाय ब्योमकेश दिसतच नाही. त्यातही एक आयती सोय मात्र आहे: अजित. गोष्ट सांगणारा मित्र असला की चौकटीवरच्या ओळी त्याच्या आवाजात लिहिता येतात आणि गुप्तहेराला गप्प ठेवता येतं. किटीला असं वापरता येईल का, याचा विचार कर. किटीच्या नजरेतून सांगितलेला करमचंद मला वाचायला आवडेल. तिला सगळं दिसतं आणि काहीच कळत नाही, म्हणजे पुरावा लपवायला याहून चांगली जागा कुठली?

संवादांकडे वळते. तू मालिकेतले संवाद जसेच्या तसे घेतलेस. साधा हिशोब कर. चोवीस पानं, पानाला पाच चौकटी, म्हणजे एकशेवीस. चौकटीला पंधरा शब्द धरले तर अठराशे. बोलताना माणूस मिनिटाला शे-सव्वाशे शब्द सहज बोलतो, म्हणजे तुझी सगळी पुस्तिका पंधरा-अठरा मिनिटांच्या बोलण्यात संपली, आणि मुक्या चौकटींना जागाच उरली नाही. निम्मे संवाद काप. जे चित्रात दिसतं ते बोलायचं नाही. ‘हा पाहा, दरवाजा आतून बंद आहे’ असं तुझा इन्स्पेक्टर म्हणतो, आणि मागे तू कडी लावलेला दरवाजा काढलायस. दोघांपैकी एकाला घरी पाठव.

देवनागरीचा प्रश्न वेगळा. वर मात्रा, वेलांटी, रफार, खाली उकार, त्यामुळे आपल्या ओळीला इंग्रजीपेक्षा उंची जास्त लागते. इंग्रजी कॉमिक बघून फुगा काढलास तर ओळी एकमेकींच्या डोक्यावर बसणार. तुझ्या सहाव्या पानावर ‘गुन्हेगाराच्या’मधला उकार खालच्या ओळीच्या रफारात अडकलाय. आणि मराठी शब्द लांब, मागे प्रत्यय घेऊन येणारे, अंड्याच्या आकाराच्या फुग्यात बसत नाहीत. मी फुगे जरा चौकोनी, आडवे काढते आणि मजकूर आधी लिहून फुगा नंतर काढते, उलटं कधीच नाही. संगणकावर करत असशील तर भारतीय लिप्यांसाठीची मजकूर-सेटिंग चालू आहे ना ते बघ, नाहीतर जोडाक्षरं फुटतात आणि वेलांटी भलत्याच अक्षरावर जाऊन बसते. पाचव्या पानावर ‘स्त्री’चे तीन तुकडे झालेत.

आता एक कडू भाग. हे आजोबांसाठी, सरावासाठी काढतोयस तोवर ठीक. छापून विकणार असशील किंवा इंटरनेटवर टाकणार असशील तर हात आखडता घे. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात रूपांतराची व्याख्या आहे, आणि तिच्यात गोष्ट मुख्यतः चित्रांतून सांगणारी आवृत्ती स्पष्ट लिहिलेली आहे. म्हणजे कॉमिक हे रूपांतर की नाही यावर वाद घालायला जागा नाही. दृश्य चित्रणाचा हक्क प्रसारणानंतरच्या वर्षापासून साठ वर्षं चालतो. १९८५ चा भाग धरला तर २०४५ संपेपर्यंत. लेखकाचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षं. शरदिंदू बंद्योपाध्याय १९७० मध्ये गेले, म्हणजे ब्योमकेशच्या मूळ कथा २०३० संपल्यावर मोकळ्या. कॉनन डॉयल १९३० मध्ये गेले, त्यांच्या कथा आपल्याकडे केव्हाच मोकळ्या झाल्यात. पण म्हणून बीबीसीचा तो लांब कोट आणि तरंगणारी अक्षरं उचलता येत नाहीत. नटाच्या चेहऱ्याचा प्रश्न याहून वेगळा, त्याची परवानगी स्वतंत्र.

म्हणून माझा आग्रह: करमचंदचा सराव पूर्ण कर, शिक आणि मग स्वतःचा गुप्तहेर काढ. इथलाच, नाशिकचा. तू सहाव्या पानावर मुंबईचा समुद्र काढलास, आणि तो फोटोवरून काढलाय हे लाटांवरून कळतं. गोदाघाट तू डोळे मिटून काढशील. आणि घाटावर तर पुराव्यांचं दुकान मांडलेलं आहे.

तिथल्या दुतोंड्या मारुतीची मूर्ती घे. पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडलं की अख्खं गाव पुराची उंची त्याच्यावरून मोजतं. गुडघ्याला पाणी आलं, कमरेला लागलं, गळ्याशी आलं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये तो डोक्यावरून पाण्याखाली गेला होता. म्हणजे मारुती हे गावाचं घड्याळच झालं, तुझ्या गाजरासारखं. एक संशयित सांगतो, “मी सकाळीच घाटावर होतो, गर्दी वाढायच्या आत परतलो.” त्याच्या सांगण्यातल्या चौकटीत मागे मारुती, पाणी छातीला. चार पानांनी दुसरी साक्षीदार, फुलवाली, सकाळचंच सांगते. तिच्या चौकटीत मागे तोच मारुती, पाणी गुडघ्याला. दोन्ही चौकटींचं काम वेगळंच आहे. पहिलीत तो छत्री सावरतोय, दुसरीत फुलवाली टोपली उचलून पळतेय. मारुतीकडे कोणी बोट दाखवत नाही, कोणी त्याबद्दल बोलत नाही. टीव्हीवर हा पुरावा दिसलाही नसता. दोन दृश्यांमधे सहा मिनिटं गेली असती आणि पाण्याची उंची कोणाच्या लक्षात राहिली नसती. कॉमिकमध्ये वाचक दोन पानांत दोन बोटं घालून ती शेजारी धरू शकतो. हे करायला मालिका लागत नाही, नटही लागत नाही.

फक्त एक सांभाळ. मारुती दोन्ही वेळा एकाच कोनातून काढू नकोस, नाहीतर आठ-नऊ वर्षांची कोणीतरी पुन्हा जिन्यात बसून तुझा माळी पकडेल. एकदा रामकुंडाच्या बाजूने, एकदा पलीकडून. त्याला दोन तोंडं आहेत, याचा फायदा घे. आणि स्केचेस आत्ताच करून ठेव, कोरड्या दिवसांत, पायऱ्या मोजून. पूर आल्यावर पोलीस तिथे उभं राहू देत नाहीत.

दुसरं, तिसरं आणि सहावं पान पुन्हा काढ, बाकीची दुरुस्त होतील. झाली की सगळी एकत्र शिवून आजोबांच्या हातात दे. चेहरा ओळखू येतो का असं विचारू नकोस, ते हो म्हणतील. नुसता शेजारी बस आणि वाचता वाचता त्यांचा अंगठा कुठल्या पानावरून मागे जातो तेवढं बघून मला कळव.